पदकानंतरची ४६ वर्षं

मंडळी, खेळावरचा प्रेरणादायी सिनेमा बघायला जाताना गोष्ट आपल्याला आधीच पाठ असते. कुणी हिशेबात न धरलेला पोरगा, त्याला हसणारं गाव, वरून खडूस पण आतून मऊ कोच, मध्येच कुठेतरी मोठा आघात, मग पुन्हा उभं राहणं आणि शेवटी तिरंगा. तरीही आपण तिकीट काढतो, पॉपकॉर्न घेतो आणि नेमक्या जागी डोळे पुसतो. समीक्षक दुसऱ्या दिवशी लिहितात, कथेत नवीन काही नाही. दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

१४ जून २०२४ला कबीर खान यांचा 'चंदू चॅम्पियन' आला तेव्हा अगदी हेच झालं. मी वाचलेल्या बहुतेक परीक्षणांत कार्तिक आर्यनच्या मेहनतीचं कौतुक होतं. त्याने कमावलेलं शरीर, बॉक्सिंग, पोहणं, सगळ्याला पैकीच्या पैकी. पुढच्याच परिच्छेदात 'पण' यायचा. साचा ओळखीचा आहे, लांबी जास्त आहे, रडवायचा आग्रह फार आहे. तिकीटबारीवर सिनेमाने अपेक्षेइतकी कमाई केली नाही. कबीर खान यांच्याच '८३'चं २०२१च्या डिसेंबरमध्ये असंच झालं होतं. परीक्षणं चांगली आली, पण ओमायक्रॉनच्या दिवसांत थिएटर रिकामी राहिली.

'चंदू चॅम्पियन'ला पुढे न्यायही मिळाला म्हणा. २०२५च्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार अभिषेक बच्चनबरोबर कार्तिक आर्यनलाही विभागून मिळाला. पण ज्या माणसावर हा सिनेमा आहे, त्या मुरलीकांत पेटकरांबद्दल परीक्षणांत दोन-चार ओळींपलीकडे फारसं काही वाचायला मिळालं नाही. मला खटकलं ते तिथेच.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे. सैन्यात ईएमईमध्ये भरती झाले, तिथे बॉक्सिंगमध्ये नाव कमावलं. १९६५च्या युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि पोहता पोहता १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला पोहोचले. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरले तरी भारताचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्राचं सोनं यायला त्यानंतर ३६ वर्षं जावी लागली.

आता परीक्षणांकडे वळू. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. कुठलाही आकडा दिसला की तो काढला कसा, हे आधी बघायची सवय. इकडे ऑफिसातली मंडळी सिनेमाला जाण्याआधी 'रॉटन टोमॅटोज'वरचा टक्का बघतात. पण तो टक्का सिनेमा किती चांगला आहे हे सांगतच नाही. किती समीक्षकांना तो एकंदरीत बरा वाटला, एवढंच सांगतो. म्हणजे शंभर जणांनी 'ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही' म्हटलं तर आकडा शंभर टक्के. आणि पन्नास जणांनी डोक्यावर घेतलेला, पन्नास जणांनी आपटलेला सिनेमा पन्नास टक्क्यांवर अडकतो. प्रेरणादायी क्रीडापटाचा सहसा कुणी मनापासून द्वेष करत नाही. त्यामुळे त्याला तीन तारे ठरलेले. आपल्या शाळेत बऱ्यापैकी अक्षर असलेल्या पोराला निबंधात ठरलेले मार्क मिळायचे, तसे.

बरं, गोष्ट ठाऊक असणं हा दोष आहे का? गावच्या देवळात कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यान ठाऊक असतं. बुवा आज ते कसं सांगतात, आपल्या आजच्या दिवसाशी कुठे जोडतात, हे ऐकायला लोक येतात. 'उत्तररंगात नवीन काही नव्हतं' म्हणून कुणी उठून जात नाही. क्रीडापटाचंही तसंच. शेवटी पदक मिळणार हे सांगून समीक्षक आपल्याला नवीन काहीच सांगत नाही. बुवांनी आख्यानातलं काय गाळलं, हे सांगितलं तर उपयोग.

या बाबतीत इंग्रजांच्या दोन सिनेमांकडे बघण्यासारखं आहे. १९८१चा 'चॅरिअट्स ऑफ फायर' इथल्या लोकांचा लाडका. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर जिंकणारा हॅरोल्ड अब्राहम्स आणि ४०० मीटर जिंकणारा एरिक लिडेल यांची गोष्ट. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. सिनेमात लिडेलला बोटीत चढताना कळतं, की आपली प्राथमिक फेरी रविवारी आहे. धर्मनिष्ठ लिडेल रविवारी धावायला नकार देतो. प्रत्यक्षात वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधीच माहीत होतं आणि ४०० मीटरची तयारी त्याने रीतसर केली होती. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या चौकातली ती प्रसिद्ध धाव अब्राहम्सने कधी धावलीच नव्हती. तो पराक्रम १९२७ साली लॉर्ड बर्गली यांनी केला होता.

दुसरा 'एडी द ईगल', २०१६चा. चेल्टनहॅमचा गवंडीकाम करणारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा मायकेल एडवर्ड्स १९८८च्या कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकला स्की जंपिंगमध्ये उतरला आणि दोन्ही स्पर्धांत शेवटचा आला. ब्रिटननं त्याला डोक्यावर घेतलं. सिनेमात ह्यू जॅकमनने रंगवलेला दारुडा कोच मात्र कल्पनेतला आहे. तसा माणूस एडीच्या आयुष्यात नव्हता.

हे सगळं उघड असूनही इंग्लंडमध्ये दोन्ही सिनेमांवर लोक खूश आहेत. का? मला वाटतं, एडी लोकांनी टीव्हीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. लिडेलची आठवण स्कॉटलंडने जपली होती, त्याच्यावर पुस्तकं होती. सिनेमाने थोडी मीठमिरची लावली तरी मूळ नोंद शाबूत होती. पेटकरांचं तसं नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी, अगदी सांगली-कोल्हापूरकडच्या माझ्यासारख्यांनीसुद्धा, त्यांचं नाव उशिराच ऐकलं. जिथे नोंदच पुसट असते तिथे सिनेमा हीच नोंद होऊन बसते. म्हणून अशा सिनेमाचं परीक्षण करताना 'साचा ओळखीचा' एवढ्यावर थांबून चालत नाही. सिनेमाच्या चौकटीबाहेर काय राहिलं, तेही सांगायला हवं.

चौकटीबाहेरचं पुष्कळसं आम्ही राहतो त्या इंग्लंडात आहे. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. इथून गाडीने तासाभराच्या आत, एल्सबरी गावाला लागून स्टोक मँडेविल आहे. नाझी जर्मनीतून १९३९ साली निसटून आलेल्या लुडविग गुटमन या ज्यू डॉक्टरांनी १९४४च्या फेब्रुवारीत तिथल्या रुग्णालयात मणक्याच्या दुखापतींचा विभाग सुरू केला. त्या काळी मणका मोडलेला सैनिक म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती, असं डॉक्टरच धरून चालायचे. गुटमननी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, कामाला लावलं आणि खेळायला लावलं. खेळ हा त्यांच्या लेखी करमणुकीचा नव्हे, औषधाचा भाग होता.

२९ जुलै १९४८. लंडनला ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं आणि त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतले १६ जण तिरंदाजीची स्पर्धा खेळत होते. १४ पुरुष, २ स्त्रिया. आजच्या पॅरालिम्पिकचं बीज ते. आणि गंमत बघा, त्याच लंडन ऑलिम्पिकला आपले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्ती खेळायला आले होते. तेव्हा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन गेले, तेही कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केल्यावर. सिनेमात छोटा मुरली खाशाबांचं स्वागत बघून ऑलिम्पिकचं वेड घेतो. म्हणजे १९४८च्या त्या आठवड्यात पेटकरांच्या आयुष्याचे दोन्ही धागे, एक खाशाबांचा आणि एक गुटमनांचा, एकमेकांपासून चाळीसेक मैलांवर होते.

पेटकर स्वतःही ब्रिटनमध्ये येऊन जिंकून गेले आहेत. १९७०मध्ये एडिंबरोला झालेल्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनीच पटकावलं होतं. आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत लॉर्ड्सच्या बाल्कनीतल्या कपिलचा विषय निघतो, निघायलाच हवा. एडिंबरोच्या पाण्यातल्या पेटकरांचा विषय मी आजवर एकदाही ऐकला नाही.

आणखी एक नाव सांगतो. १९८४चे पॅरालिम्पिक खेळ दोन ठिकाणी झाले, न्यूयॉर्क आणि स्टोक मँडेविल. त्यात भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत भारतासाठी रौप्य जिंकलं आणि जोगिंदरसिंग बेदी यांनी एकट्याने तीन पदकं मिळवली. त्याच वर्षीच्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताला एकही पदक नव्हतं. पी. टी. उषाचं सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेलं कांस्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच उन्हाळ्यात जिंकलेली चार पदकं मात्र कुणाच्या लक्षात नाहीत.

आता थोडं घरचं. कोल्हापूरला माझा मावसभाऊ राहतो. चार वर्षांपूर्वी मोटारसायकलचा अपघात झाला, मणक्याला मार बसला. तेव्हापासून चाकाची खुर्ची. घरबसल्या जीएसटीची कामं करतो, हिशेबाला पक्का, बोलायला तिखट. सिनेमाचा ट्रेलर आला त्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर सात नातेवाइकांनी तो त्याला उद्देशून टाकला. हात जोडलेल्या इमोजीसकट. 'बघ, माणूस ठरवलं तर काय करू शकतो.' सिनेमा बघून झाल्यावर त्याने एकदाच लिहिलं, "बघितला. आवडला. पेटकरांना पोहायला तलाव मिळाला होता. मला खाली उतरायला उतार पाहिजे."

त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. पण लिफ्टपासून रस्त्यापर्यंत पाच पायऱ्या आहेत. त्या पाच पायऱ्यांसाठी दर वेळी दोन माणसं बोलवावी लागतात, म्हणून तो महिन्यातून एक-दोनदाच बाहेर पडतो. ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग या स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या पत्रकार महिलेने २०१४ साली एका गाजलेल्या भाषणात हाच मुद्दा मांडला होता. अपंग माणसाला इतरांच्या प्रेरणेची वस्तू करू नका, कितीही हसतमुख राहिलं म्हणून जिन्याचा उतार होत नाही, असा त्याचा मथितार्थ. मला तो भाषणातून नाही, भावाच्या एका मेसेजमधून कळला.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही हां. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या निम्म्याहून जास्त स्थानकांवर आजही पायऱ्यांशिवाय फलाटावर पोहोचता येत नाही. पण आमच्या गावातली साधी बससुद्धा थांब्यावर आली की उतार बाहेर काढते आणि चाकाच्या खुर्चीतली बाई आत जाऊन आपल्या जागी बसते. कुणी टाळ्या वाजवत नाही. त्यात प्रेरणादायी काहीच नसतं आणि मला वाटतं, गुटमनना शेवटी हेच हवं असणार.

आता सिनेमातल्या ज्या भागाला परीक्षणांत सगळ्यात कमी मार्क मिळाले, त्याबद्दल. म्हातारे मुरलीकांत पोलीस ठाण्यात येतात आणि मला अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून राष्ट्रपतींवर गुन्हा दाखल करा म्हणतात. श्रेयस तळपदे तिथला इन्स्पेक्टर. हा भाग विनोदी ढंगाने घेतलाय, मध्ये मध्ये येतो आणि त्यामुळे गोष्टीचा वेग अडतो, अशी तक्रार होती. वेग अडतो हे खरंच आहे. विनोद काही ठिकाणी ओढूनताणून आहे, हेही कबूल.

पण मंडळी, खरी गोष्ट तिथेच आहे! पेटकरांनी १९७२ला सुवर्ण जिंकलं. १९८२ला अर्जुन पुरस्कारासाठी केलेला त्यांचा अर्ज नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ला. म्हणजे पदकानंतर ४६ वर्षं. मधल्या काळात ते पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. अडीच तासांच्या सिनेमात गोळ्या लागणं काही मिनिटांत होतं, पोहायला शिकणं एका गाण्यात होतं, पण ४६ वर्षं वाट बघणं कसं दाखवणार? त्याला पार्श्वसंगीत नाही, शर्यत नाही, घड्याळ नाही. फाइल इकडून तिकडे जाते एवढंच. कबीर खान यांनी ते निदान पोलीस ठाण्यात आणून बसवलं. माझी तक्रार अशी, की तिथे त्यांनी हसवायची घाई केली. समीक्षकांनी हा भाग कापायला सांगितला, मी म्हणेन वाढवायला हवा होता.

एडीच्या बाबतीतही शेवटच्या पाटीनंतरची गोष्ट फार बोलकी आहे. एडी परत आला, मिरवणुका झाल्या आणि १९९० साली ऑलिम्पिकला येणाऱ्यांसाठी पात्रतेचे नियम कडक झाले. नियमाला लोक एडीच्याच नावाने ओळखतात. त्यानंतर त्याला पुन्हा कधी ऑलिम्पिकला उतरता आलं नाही. जगाला असा हरलेला हिरो आवडला, फक्त दार बंद करून घेतल्यावर. कौतुक आणि दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटकरांना कौतुकही उशिरा मिळालं. एडीला कौतुक भरपूर मिळालं, दार मात्र मिळालं नाही.

सिनेमाने काय साधलं, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे. १७ जानेवारी २०२५ला राष्ट्रपती भवनात मुरलीकांत पेटकरांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. सिनेमा आल्यावर सात महिन्यांनी. सिनेमामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, पण देशभर त्यांचं नाव झाल्यावर मिळाला हे खरं. मग तीन तारे द्या, अडीच द्या, हा हिशेब कुठल्याच टक्क्यात बसत नाही. आणि एक प्रश्न उरतोच. ज्याच्यावर सिनेमा निघत नाही, त्याचं काय? भीमराव केसरकरांवर कुणी सिनेमा काढलेला नाही. माझ्या भावावर तर कुणी काढणारच नाही, कारण त्याला पदकबिदक काही नकोय.

यूकेतल्या वाचकांना एक सुचवतो. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस आणि लॉर्ड्स दाखवतो. एक दिवस स्टोक मँडेविललाही न्या. तिथल्या स्टेडियममध्ये पॅरालिम्पिकच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. मुलांना आधी 'चंदू चॅम्पियन' दाखवा आणि मग तिथे न्या. शक्य झालं तर बीबीसीने २०१२मध्ये गुटमनांवर केलेला 'द बेस्ट ऑफ मेन' हा टीव्ही-सिनेमाही बघा. त्यात शेवटी करंडकापेक्षा रुग्णालयातला वॉर्ड लक्षात राहतो.

आणि भारतातल्या नातेवाइकांना एक विनंती. असा सिनेमा आवडला तर जरूर बघा, रडा, चार जणांना सांगा. पण तो घरातल्या किंवा शेजारच्या कुणा अपंग माणसाला पाठवण्याआधी त्याला एकदा विचारा, की बाबा, तुला काय हवंय? २०१६चा दिव्यांग हक्क कायदा त्याच्या बाजूने आहे, पण कायदा जिन्यात येऊन उभा राहत नाही. तिथे सोसायटीची सभाच लागते.

भावाच्या सोसायटीच्या मागच्या सभेत उताराचा विषय निघाला. खर्चाची वर्गणी आम्ही भावंडांनी मिळून काढलीय, त्यामुळे अडचण पैशांची नाही. उताराला एका गाडीच्या पार्किंगची जागा जाते, तिथे गाडं अडलंय. विषय पुढच्या सभेवर ढकललाय. ग्रुपवर ट्रेलर टाकणाऱ्या सात जणांपैकी दोघं त्याच बिल्डिंगमध्ये राहतात. सभेला या, आणि हात वर करा, एवढंच त्यांना सांगायचंय.